म्यानात जाणारी तलवार आणि चाकणची क्रेन

सुनंदा ओहोळचा निरोप आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ‘तुमचे ते देवळाच्या दारावरचे द्वारपाल,’ तिनं लिहिलं होतं, ‘ते चिडलेत की नुसते उभे आहेत, हे तुम्ही कशावरून ओळखता?’

द्वारपालांवरचा माझा लेख या ब्लॉगवर ज्या मोजक्या लोकांनी शेवटपर्यंत वाचला, त्यांतली ही एक निघाली. मी हुरळून लांबलचक उत्तर पाठवलं. ओठांबाहेर आलेले सुळे बघा, उगारलेली तर्जनी बघा, गदेवर टेकलेला गुडघा बघा. त्यावर तिचा पुन्हा प्रश्न: ‘आणि हातात तलवार असेल तर? काम संपलंय आणि तो ती परत ठेवतोय, असं दाखवायचं असेल तर?’ सोबत एक फोटो. तपकिरी कागदावर कोळशानं काढलेला पंखवाला देवदूत. उजव्या हातात तलवारीची मूठ, डाव्या हातात म्यान, पातं अर्धं आत, अर्धं बाहेर.

मी फोटो नवऱ्याला दाखवला. त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, “काढतोय.”

“ठेवतोय,” मी म्हटलं.

“मग जाऊन त्यालाच विचार. मेथी मी निवडतो.”

मेथीची एवढी मोठी लाच आमच्या घरात यापूर्वी कुणी देऊ केलेली नव्हती. बुधवारी सकाळी साताऱ्याच्या स्टँडवर स्वारगेटची एसटी धरली.

ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांच्यासाठी: बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, त्यामुळे बायकांनी निःशंक निघावं आणि पुरुषांनी बायकोबरोबर निघून निम्मी तरी बचत करावी. खंबाटकीचा बोगदा, शिरवळचा चहा आणि कात्रजची वाहतूक या क्रमानं उत्साह चढतो आणि उतरतो. स्वारगेटला मेट्रोत शिरलं की मात्र थंडगार हवेत बसून दापोडी येतं. तिथून रिक्षानं सांगवी जवळ आहे. रिक्षावाल्यानं पत्ता ऐकून विचारलं, “ओहोळ मॅडम? पाट्यावाल्या?”

पाट्यावाल्या म्हणजे काय, ते तिच्या घरी कळलं. सुनंदा मूळची नगरकडची, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. कलाशाळेत शिकली आणि मग पंचवीसेक वर्षं पिंपरी-चिंचवडच्या दुकानांच्या पाट्या रंगवत राहिली. थेरगावच्या बाजारात म्हणे एक काळ असा होता, की किराणा, सायकल दुरुस्ती, टेलर आणि दवाखाना, सगळे तिच्याच अक्षरात बोलत. मग फ्लेक्स आलं.

“थेरगावातल्या एक एक करून सगळ्या उतरल्या,” ती चहा गाळता गाळता म्हणाली. “परवा शेवटची उतरली, टेलरची. त्यानं ती गच्चीवर पाण्याच्या टाकीला झाकण म्हणून घातलीय. निदान पाणी तरी स्वच्छ राहतंय.”

डांगे चौकाच्या पुढे एका गल्लीत त्यांच्या चर्चची नवी इमारत झाली. समोरची भिंत दोन मजले उंच आणि कोरी. फादरनी ती सुनंदाला दिली, पण चर्चच्या कमिटीनं अजून दिलेली नाही. कमिटीतल्या काहींच्या मते एवढा खटाटोप कशाला. फ्लेक्सवाल्याकडे नेटवरचा तयार देवदूत आहे, हातात लिलीची फुलं, मागे गुलाबी ढग. रविवारपर्यंत लावूनसुद्धा देतो म्हणतो. गुरुवारी कमिटी तिचं पूर्ण आकाराचं रेखाटन बघणार होती. पसंत पडलं तर भिंत तिची, नाही तर त्याच संध्याकाळी फ्लेक्सवाल्याला फोन.

“म्हणजे उद्या,” मी म्हटलं.

“म्हणजे उद्या,” ती म्हणाली आणि बिस्किटांचा डबा पुढे केला.

रात्री जेवणानंतर तिनं आधीची रेखाटनं पसरली. भिंतीवर एक देवदूत यायचा असेल तर कागदावर आधी त्याचे पंधरा भाऊ जन्माला येतात, हे मला नवीन होतं. एकानं तलवार डोक्यावर उगारलेली. ही न्यायाची, सुनंदा म्हणाली, शेवटच्या निवाड्याची. दुसऱ्याच्या तलवारीला ज्वाळा. हा पहिल्या बागेच्या दारावरचा राखणदार, माणसाला परत आत न सोडणारा. तिसऱ्यानं टोक जमिनीला टेकवून मुठीवर दोन्ही हात ठेवलेले. हा पहाऱ्यावर आहे, पण घाई नाही. या तिघांशी माझी लगेच ओळख पटली, कारण आमच्याकडेही दारावर, देव्हाऱ्यात आणि देवीच्या हातात हेच अर्थ वेगवेगळ्या वेषांत उभे आहेत. अज्ञान कापणारं खड्गही आपल्याकडे आहे आणि ते हातात घेणारा चेहरा तर अगदी शांत असतो.

चौथा वेगळा होता. साथीच्या दिवसांत देवदूत तलवार घेऊन शहरावर उभा राहतो, अशी त्यांच्याकडे जुनी कल्पना आहे. साथ संपली की तो ती म्यानात घालतो. लोकांना कळतं, आता दारं उघडायला हरकत नाही.

“आमच्या चर्चमधली अकरा माणसं गेली कोरोनाच्या त्या दोन वर्षांत,” सुनंदा म्हणाली. “उरलेल्यांना मी काय उगारलेली तलवार दाखवू? आणि फुलं दाखवली तर जणू काही झालंच नव्हतं असं होतं. मला तलवार हवी. पण परत जाणारी हवी.”

मला संस्कृतातल्या उपसलेल्या तलवारींची विशेषणं आठवली. ढीगभर आहेत. तलवार परत ठेवणाऱ्याचं वर्णन करायला आमच्या कवींना बहुतेक फुरसत मिळाली नाही.

गुरुवार हा या पट्ट्यातला औद्योगिक सुट्टीचा दिवस. रविवारी सगळं जग झोपतं तेव्हा इथले कारखाने चालू असतात आणि गुरुवारी शेड रिकाम्या. दोन मजली कागद पसरायला कुणाच्याही घरात जमीन पुरणार नव्हती, म्हणून चाकणला रफीकभाईंची शेड ठरलेली. रफीकभाई कंपन्यांसाठी लोखंडी रॅक आणि ट्रॉल्या बनवतात. पूर्वी सुनंदानंच त्यांची पाटी रंगवली होती आणि त्यांनी ती अजून उतरवलेली नाही. एवढ्यावर माझं त्यांच्याबद्दल मत चांगलं झालं.

देवदूत एका पाइपवर गुंडाळून छोटा हत्ती टेम्पोत चढवला. पाइप मागून बराच बाहेर येत होता, म्हणून टोकाला लाल फडकं. कासारवाडी, भोसरी, मोशी, मग पुढे चाकण. नकाशा हा प्रवास तासाभराचा दाखवतो. नकाशा काढणारा माणूस चाकणला कधी गेलेला नाही. मोशीच्या अलीकडे एका हवालदारानं थांबवलं.

“काय आहे आत?”

“देवदूत आहे साहेब,” ड्रायव्हर म्हणाला.

“मूर्ती?”

“चित्र. तलवारीचं.”

तलवार हा शब्द या शहरात जपून वापरावा. हवालदार गाडीभोवती फिरून आले. सुनंदानं पाइपचं टोक उघडून वीतभर पंख दाखवला. त्यांनी तो बोटानं चाचपला.

“कोळसा हाय व्हय हा?” त्यांनी बोट पुसलं. “जावा. फडकं नीट बांधा.”

चाकणच्या चौकात थांबून आम्ही मिसळ खाल्ली. रस्सा लालभडक, तर्री मागावी लागत नाही, ती आपणहून येते. चाकणचा भुईकोट किल्ला इथून जवळ आहे. तो पाहायचा असेल तर जाताना पाहा. येताना रहदारीत तुमची इच्छाशक्ती संपलेली असेल.

शेडमध्ये कमिटी आमच्या आधी हजर. पाच जण होते, पण बोलणारे दोनच. एक भालेराव साहेब, कमिटीचे सेक्रेटरी, एका कंपनीच्या क्वालिटी विभागातून निवृत्त झालेले, खिशात मोजपट्टी. दुसऱ्या सुशीलाकाकू, जालन्याच्या, नवरा वारल्यानंतर दोन मुलांसह इथंच राहिलेल्या. बाकीचे तिघे या दोघांकडे आलटून पालटून बघत मान हलवत होते.

कागद जमिनीवर उलगडला. कोळशाच्या रेषांचा तो प्रचंड प्राणी शेडभर पसरला आणि सगळे बूट-चपला काढून बाजूनं फिरायला लागले.

“आमच्याकडे पद्धत असते,” भालेराव साहेब मला समजावू लागले. “लॉट चालू करण्याआधी पहिला पीस तपासायचा. फर्स्ट पीस अप्रूव्हल. तो पास झाला की मगच मशीन सोडायचं.”

“पण इथं लॉट नाहीये. एकच देवदूत आहे.”

“म्हणून तर जास्त बघायचं.”

ते वाकून, गुडघ्यांवर बसून पाहत राहिले. मग उभे राहिले. “सुनंदाताई, काम एक नंबर आहे. पण मला सांगा, ही तलवार आत चाललीय कशावरून?”

“पंख मिटताहेत बघा. पायापाशी काही नाही, साप नाही, शत्रू नाही.”

“शत्रू कागदाच्या बाहेर असेल.”

मी पदराखाली हात घेऊन उभी होते आणि मलाही आता तो देवदूत नवऱ्याच्या बाजूचा वाटायला लागला होता.

“मला बी काढायलाय असंच वाटायलंय,” सुशीलाकाकू म्हणाल्या. “आन् बाई, खरं सांगू का. आमच्या गल्लीत तलवार म्हंजे वाढदिवस. पोरं रस्त्यात गाडीवर केक ठिवत्यात, तलवारीनं कापत्यात, व्हिडिओ काढत्यात. दुसऱ्या दिवशी पोलीस येतात. माझी पोरं रोज ह्या भिंतीसमोर बसनार. त्यांनी हे बघून काय शिकावं?”

“म्हणूनच मी ती आत घालतेय, काकू.”

“घालायलीस, पर दिसायलं नाही ना.”

एक सदस्य हळूच म्हणाला, फुलांचा काही वाद नसतो. भालेराव साहेबांनी घड्याळ बघितलं. फ्लेक्सवाला संध्याकाळपर्यंत थांबणार होता. सुनंदा कागदाच्या कडेला उकिडवी बसली होती. पाट्यावाल्या बाईची शेवटची पाटी भिंतीवर लागण्याआधीच उतरत होती, आणि ते तिच्याइतकंच शेडमधल्या प्रत्येकाला कळत होतं.

मग ती उठली. “रफीकभाई, एक लोखंडी पट्टी द्या. हातभर. आणि ती आत जाईल असा चौकोनी पाइप.”

रफीकभाईंनी भंगारातून दोन्ही काढून दिलं, पट्टीची धार कानशीनं मारूनच. सुनंदानं ते भालेराव साहेबांच्या हातात ठेवलं. “काढा साहेब. मग परत ठेवा.”

“मी?”

“पहिला पीस तुम्हीच.”

भालेराव साहेबांनी आधी इकडंतिकडं पाहिलं. मग पाइप कमरेला लावला आणि पट्टी सर्रकन उपसली. साठी उलटलेल्या माणसात एवढा आवेश कुठून आला कोण जाणे. ते थेट माझ्याकडे रोखून पाहत होते आणि मी नकळत एक पाऊल मागे सरले.

“आता ठेवा.”

त्यांनी पट्टी फिरवली, पाइपाकडे नेली. टोक पाइपाच्या कडेवर आपटलं. पुन्हा नेली, पुन्हा आपटलं.

“साहेब, बघून घाला,” रफीकभाई म्हणाले. “अंगठा जाईल, आणि विमा माझ्याकडं नाही.”

साहेबांनी मान खाली घातली, पाइपाच्या तोंडाकडे बघितलं आणि पट्टी आत सरकवली.

“थांबा,” सुनंदा म्हणाली. “तसेच राहा.”

तिनं ती पट्टी मग काकूंना दिली, बाकीच्या तिघांना दिली, मला दिली. उपसताना प्रत्येकाची नजर समोर. ठेवताना प्रत्येकाची नजर खाली, म्यानाच्या तोंडावर. काढणारा शत्रूकडे बघतो. ठेवणाऱ्याला शत्रू उरलेला नसतो, त्याला फक्त स्वतःचा अंगठा सांभाळायचा असतो. द्वारपालांवर मी पानं लिहिली, सुळे, गदा, तर्जनी, सगळं लिहिलं. ही साधी गोष्ट चौकोनी पाइपनं सांगितली.

“डोळे,” सुनंदा म्हणाली. “माझे डोळे चुकलेत.”

कागदावरचा देवदूत समोर बघत होता.

“पण ते फादरनीच सांगितलं होतं,” भालेराव साहेबांनी लगेच आठवण करून दिली. “त्यांची एकच अट होती. देवदूतानं लोकांकडे बघायला हवं. डोळे खाली नेले तर ती अट मोडते. मग आपण पास कसं करणार?”

आता दोन्ही बाजू अडल्या. समोर बघितलं तर तलवार निघते, खाली बघितलं तर फादरची अट मोडते. सुनंदानं डोळ्यांच्या जागी नव्या कागदाचं थिगळ चिकटवलं, ते वाळेपर्यंत फुंकर घालत बसली आणि मग कोळसा घेऊन ओणवी झाली. पापण्या खाली आल्या. मान किंचित त्याच्या डावीकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडे कलली, म्यानाच्या बाजूला. तिचा हात इतका सावकाश फिरत होता, की रफीकभाईंनी पंखा बंद केला.

“आता वर घ्या,” ती म्हणाली.

“कशाला?”

“भिंत काय जमिनीवर झोपलेली आहे का, रफीकभाई? तो वर असणार. आपण खाली असणार. इथून वाकून बघून काय कळणार.”

शेडच्या छपराखाली रुळांवर चालणारी क्रेन होती, रॅक उचलणारी. “दोन टनांची आहे,” रफीकभाई म्हणाले. “कागदाला पुरावी.” कागदाचं वरचं टोक लोखंडी पाइपला बांधलं, पाइपला दोन्ही बाजूंनी पट्टे, पट्टे हुकात. वाऱ्यानं फाटू नये म्हणून शटर खाली ओढलं. रफीकभाईंनी लोंबत्या पेटीतलं बटण दाबलं आणि देवदूत जमिनीवरून उठायला लागला. आधी डोकं, मग पंख, मग खांदे. कागद सरसरत होता. पाय जमिनीच्या वर माणूसभर उंचीवर आले तेव्हा क्रेन थांबली.

आम्ही सगळे खाली उभे होतो, माना वर करून.

पहिल्यांदा बोलल्या सुशीलाकाकू. त्या उजवीकडे, एका ट्रॉलीला टेकून उभ्या होत्या. “अगं बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “ह्यो तर माझ्याकडंच बघायलाय.”

भालेराव साहेब त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मग बाकीचे तिघे, मग मी. खरंच होतं. म्यानाच्या तोंडाकडे झुकलेली ती नजर तिथून पुढे खाली उतरत होती आणि नेमकी आमच्यावर येऊन थांबत होती. जमिनीवर ती खाली पाहणारी नजर होती. वर गेल्यावर ती लोकांकडे पाहणारी झाली. आणि तलवार आत चालली होती, याबद्दल आता त्या शेडमध्ये कुणालाही विचारण्याची गरज नव्हती.

“चर्चमध्ये उजवीकडं कोण बसतं?” सुनंदानं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

“बायका,” काकू म्हणाल्या. “आमीच बसतो.” आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. दोन वर्षांत गेलेल्या अकरांपैकी एक कोण होता, ते मला तेव्हा समजलं.

भालेराव साहेबांनी देवदूत खाली घ्यायला लावला, खिशातून पेन काढलं आणि कागदाच्या कोपऱ्यात, जिथं कारखान्याच्या ड्रॉइंगवर सही असते तिथं, ‘ओके’ लिहून तारखेसकट सही ठोकली. सुनंदानं त्यांना अडवलं नाही. मग त्यांनी फोन लावला. “हां भाऊ. ते ढगांचं राहू दे. नाही, नाही, पैशाचा विषय नाही. आमच्याकडं आमचा झाला.”

यानंतर रफीकभाईंनी जे केलं त्याला काही कारण नव्हतं. त्यांनी देवदूत पुन्हा वर उचलला आणि क्रेन शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवली. क्रेन सरकताना भोंगा वाजतो, लोकांनी बाजूला व्हावं म्हणून. इथं कुणीच बाजूला झालं नाही. भोंगा वाजत होता, देवदूत छपराखालून संथ चालला होता आणि आम्ही सगळे खालून त्याच्याबरोबर. सुनंदा सर्वांत पुढे, हात कोळशानं काळे, मान वर. एक सदस्य रिकाम्या ट्रॉलीवर ताल धरत होता. सुट्टीच्या दिवशी एवढा आवाज कसला म्हणून शेजारच्या शेडचा वॉचमन शटरखालून डोकावला आणि तोही आत येऊन चालायला लागला.

शुक्रवारी थेरगावात खाका भिंतीवर उतरला. कागदावरच्या रेषांवरून शिंप्याचं दातेरी चाक फिरवून बारीक भोकं पाडलेली असतात. कागद भिंतीवर लावायचा आणि गेरूच्या पुरचुंडीनं वरून थापायचं. घरोघरच्या रांगोळीच्या छाप्याचं हे थोरलं भावंड. कागद काढला तेव्हा भिंतीवर तांबड्या ठिपक्यांचा देवदूत उभा होता. फादर आले. आधी मध्ये उभे राहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग काकूंनी त्यांच्या बाहीला धरून त्यांना उजवीकडच्या बाकावर नेऊन बसवलं. तिथून देवदूत थेट त्यांच्याकडे बघत होता. उठताना सुनंदाला म्हणाले, “मीही अधूनमधून इथून प्रवचन करीन म्हणतो.” सुनंदा मचाणावरून उतरली नाही, तिनं वरूनच पुढचा रंग मागवला.

मी घरी परतले त्याला आता काही आठवडे झाले. नवऱ्याला पट्टी-पाइपची गोष्ट सांगितली. त्यानं स्वयंपाकघरातलं लाटणं आणि पाण्याची बाटली घेऊन प्रयोग केला, आणि हार मान्य केली नाही. काल सुनंदाचा फोटो आला. भिंत पूर्ण झाली आहे. पंख राखाडी, पातं जवळजवळ पांढरं, पापण्या मिटायच्या बेतात. खाली कोपऱ्यात तिचं नाव, तिच्या पाट्यांच्याच अक्षरात, चुन्यात मुरवलेल्या रंगानं, जे कुणाला उतरवता येणार नाही. फोटोत मात्र नजर खालीच दिसते, कुणाकडे बघते ते कळत नाही. त्यासाठी तिथं जावं लागेल. थेरगावला डांगे चौकातून कुणालाही विचारा, भिंतीवरच्या देवदूताचं चर्च कुठं. आता सगळे सांगतात. आत गेल्यावर मधोमध उभे राहू नका. उजवीकडे बायका तुम्हाला सरकून जागा देतील.